हॉट योगा आणि पाठीवरचं पुरळ: घामोळ्या, नायटा की आणखी काही?

योगवर्ग_जळगाव
आमच्या वर्गात हॉल ४० अंशांवर, आर्द्रता ४० टक्के, वेळ ६० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. काही जणांच्या पाठीवर आणि कपाळावर बारीक पुरळ आहे, दोघांच्या जांघेत गोल चट्टे. हे वेगवेगळं कसं ओळखायचं? वर्गानंतर आंघोळ, तेल, पावडर यांबद्दल काय सांगावं? आणि एप्रिल-मेमध्ये वर्ग चालू ठेवावा का? "घामातून विष निघतं, रंग उजळतो" असंही काही सदस्य एकमेकांना सांगतात.

त्वचा_धुळे
ताई, आधी विषाचं. घाम म्हणजे बहुतेक पाणी, त्यात मीठ आणि थोडा युरिया. शरीरातला कचरा काढायचं काम यकृताचं आणि मूत्रपिंडांचं. वर्गानंतर चेहरा तुकतुकीत दिसतो तो कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. अंग निवलं की तो तजेलाही उतरतो. उलट, वांग असेल तर उष्णतेने डाग गडद होऊ शकतात. अशांना साध्या हॉलमध्येच बसवा.

पुरळ ओळखताना वेळ आणि जागा बघा. आसनं सुरू झाल्यावर काही मिनिटांत मोहरीएवढ्या गांधी उठल्या, खाजल्या आणि तासाभरात मावळल्या, तर ते गरमीने उठलेलं पित्त. सोबत चक्कर किंवा श्वासाचा त्रास झाला तर वर्ग तिथेच थांबवून दवाखाना.

घामोळ्या तासाभरात जात नाहीत. त्या टोचतात, आणि कपडा चिकटतो तिथे, म्हणजे पाठीवर, कमरेला जास्त येतात. घामाच्या नळ्यांची तोंडं बंद झालेली असतात, म्हणून त्या बसेपर्यंत गरम हॉल पूर्ण बंद. घाम बाहेर पडत नसेल तर अंग निवणार कसं?

केसांच्या मुळाशी, सगळ्या एकाच मापाच्या, खाजणाऱ्या पुळ्या असतील आणि काळे ठिपके नसतील, तर मॅलेसेझिया या बुरशीचा संशय घ्या. लोक त्यांना मुरुमं समजून अँटिबायोटिक घेतात, त्याने त्या वाढू शकतात. हीच बुरशी शिबं आणते. शिब्यावर २ टक्के केटोकोनाझोल शॅम्पू लावून ५ मिनिटांनी धुवायचा, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त ५ दिवस. पांढरे डाग भरून यायला काही महिने लागतात, त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

जांघेतला चट्टा गोल, कड उचललेली, मधला भाग साफ, तर नायटा. इथे कळकळीने सांगतो: मेडिकलवरून स्टिरॉइड मिसळलेलं तिहेरी मलम आणू देऊ नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि नंतर चट्टा ओळखूही येत नाही. मलमाच्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं आहे का ते वाचा, ही स्टिरॉइडंच. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय त्या दोघांना वर्गाला घेऊ नका.

हॉलवाला_भुसावळ
दोष नुसत्या ४० अंशांचा नाही. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवा कोरडी असते, घाम दिसायच्या आत उडतो. बंद हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं आणि वर वाफेचं यंत्र, म्हणजे तो अंगावरच साचतो. भिजलेल्या कातडीचा वरचा थर फुगतो आणि घामाच्या नळीचं तोंड दाबलं जातं. माणसांच्या घामानेच आर्द्रता चढते, म्हणून आर्द्रतामापक मधल्या रांगेत ठेवा आणि काटा ४० च्या वर सरकला की वाफ बंद, एक्झॉस्ट चालू.

एप्रिल-मेमध्ये हीटर लावूच नका. सकाळी सहाचा वर्ग, खिडक्या उघड्या. कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तोच हॉल दमट करतो.

योगवर्ग_जळगाव
भाऊ, मॅट वर्गाच्याच आहेत, रोज फिरतात. आणि आंघोळीचं राहिलं.

त्वचा_धुळे
मॅटवर प्रत्येकाचा स्वतःचा टॉवेल हवा, तो घरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचा. मॅट साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी पुसून पूर्ण वाळल्यावरच गुंडाळा.

ओले कपडे हॉलमध्येच बदलायला लावा. घामेजल्या चेहऱ्यावर लगेच स्कार्फ गुंडाळून गाडीवर निघणं ही आपल्याकडची नेहमीची चूक, आधी चेहरा धुऊन टिपून घ्यावा. आंघोळ कोमट पाण्याने. साबण फक्त काखा, जांघा, पाय इथे. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा साका कातडीवर राहून ती ओढल्यासारखी होते, तिथे साबणविरहित क्लिन्झिंग बार बरा. अंग टिपून ओलसर असतानाच ग्लिसरिनचं लोशन लावावं.

खोबरेल हातापायांना चालेल. पाठीला आणि कपाळाला नको, मॅलेसेझियाला तेलातली स्निग्धाम्लं लागतात. पावडर जांघेत घामाने गोळा होऊन घासते. घामोळ्यांवर कॅलामाइन लावा.