कागदाने खाल्लेला तास: गोव्यातल्या शिक्षकांनो, तुमचा अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात फोंड्याच्या बसस्टँडवर माझी जुनी मैत्रीण भेटली. डीएड एकत्र केलेलं, नोकरीला लागून दोघींनाही वीस वर्षं होत आली. कदंबाची बस येईपर्यंत अर्धा तास बोललो आणि त्यात मुलांबद्दल पाच मिनिटंसुद्धा बोललो नसू, बाकी सगळं कुठली माहिती पाठवली, कुठली राहिली, पासवर्ड कुणाकडे आहे, पोर्टल रात्री किती वाजता चालतं हेच. घरी आल्यावर फार वाईट वाटलं. आम्ही याच्यासाठी शिक्षिका झालो नव्हतो.

म्हणून विचारते. प्रत्येकाने शिकवण्याचा एक तास सांगा जो कागदापायी गेला. काय काम होतं आणि त्या वेळी वर्गात मुलं काय करत होती ते लिहा. शाळेचं, ऑफिसचं, कुणाचंच नाव घालू नका, तालुका पुरे.

माझ्यापासून सुरुवात करते. तिसरीचा वर्ग, रोज शेवटच्या तासाला मी गोष्ट वाचते, एक पान मी आणि एक पान मुलं. त्या दिवशी कोल्हा विहिरीत पडला तिथपर्यंत आलो होतो आणि ग्रुपवर मेसेज, सगळ्या मुलांची उंची-वजनं बाराच्या आत पाठवा, मोस्ट अर्जंट. हीच वजनं जूनमध्ये आरोग्य तपासणीला घेतली होती, वहीत होती, पण नवीन शीटमध्ये नवीन तारखेची पाहिजेत. मग वजनकाटा काढा, चपला काढायला लावा, रांग लावा. सगळं होईस्तोवर घंटा झाली. दप्तर भरता भरता एक मुलगी म्हणाली, "बाई, आयज काणी ना?" तिने अगदी साधं विचारलं, पण मला काही उत्तर देता आलं नाही.

सत्तरी, एकशिक्षकी शाळा

बाई, तुमच्याकडे निदान दुसरा कोणीतरी वर्गावर आहे. माझ्याकडे १४ मुलं, चार इयत्ता, एक खोली आणि मी. शिक्षक मी, हेडमास्तर मी, क्लार्क पण मीच. शाळेला वर्षाचं अनुदान येतं, ३० पर्यंत मुलं असली की १०,००० रुपये, त्यात १० टक्के स्वच्छतेवर. पैसे थोडे म्हणून कागद थोडे असं नसतं, मोठ्या शाळेला जेवढे तेवढेच मला. खडू, झाडू, फिनेल गावच्या दुकानातून घेतलं तर पैसे रोख देऊन चालत नाही, दुकानदाराचं नाव आणि बँक खातं सिस्टीममध्ये चढवायचं, मग प्रिंट काढायची, दोघांच्या सह्या, आणि तो कागद बँकेत. माझ्याकडे प्रिंटर नाही. शाळा सुटून बस पकडून वाळपईला पोचेपर्यंत बँकेत जेवणाची वेळ, झेरॉक्सवाल्याकडे लाईट नाही, असं करत एका झाडूच्या बिलासाठी मी तीन फेऱ्या मारल्यात.

पण तुम्ही तास विचारला. पावसात एकदा कॅशबुक तपासायला येणार म्हणून सकाळपासून मी ताळा जुळवत बसलो, ४२ रुपयांचा फरक येत होता. चौथीच्या मुलीने पहिलीच्या तिघांना जवळ घेऊन पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, मी न सांगता. फार गुणी पोर. पण तिचा स्वतःचा भागाकार त्या दिवशी राहिला तो राहिलाच, पुढे पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली तेव्हा तिथले सर म्हणाले हिला भागाकार कच्चा आहे. तो माझ्यामुळे कच्चा आहे.

बार्देश, हायस्कूल

मी नववीची वर्गशिक्षिका. अपार आयडीचं काम आमच्याकडे आलं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा १२ आकडी ओळख नंबर, त्यासाठी शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. आता गोव्यात आडनावांचं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर एक स्पेलिंग, बापाच्या जन्मदाखल्यावर दुसरं, आधार काढताना समोरच्याने ऐकलं ते तिसरं. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, जन्मदाखल्यावर पोरोब, आधारवर परब. दोन्ही एकच, गावात कुणीही सांगेल. पण सिस्टीमला पोरोब वेगळा आणि परब वेगळा.

त्याचा बाप तारवटी, आठ-नऊ महिने बोटीवर. आधारला मोबाईल नंबर बापाचा, म्हणजे साधं आधार डाऊनलोड करायचं तरी ओटीपी समुद्रात जातो. आई बिचारी दोनदा रजा काढून आधार सेंटरवर गेली, एकदा टोकन संपले होते आणि एकदा सांगितलं की हा पुरावा चालत नाही, दुसरा आणा. मी रोज त्या मुलाला विचारायचे, झालं का रे, झालं का रे, कारण मला रोज वरून विचारत होते किती पेंडिंग. एक दिवस तो शाळेत आलाच नाही. फोन केला तर आई म्हणाली, तो म्हणतो टीचर मला नावावरून सगळ्यांसमोर विचारते.

मी त्याला गणित शिकवते, चांगला आहे गणितात. त्या महिन्यात माझं त्याच्याशी गणिताबद्दल एक वाक्यसुद्धा झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले, आईसमोर त्याची माफी मागितली. आता नावाचं काही असलं की मी आईला फोन करते, मुलाला वर्गात उभं करत नाही.

मुरगाव, प्राथमिक

मी बीएलओ, म्हणजे आमच्या भागातल्या मतदारयादीचं काम बघणारी. ४ नोव्हेंबर २०२५ पासून मतदारयाद्यांची खास फेरतपासणी सुरू झाली तेव्हा घरोघर फॉर्म वाटणं, गोळा करणं, जुन्या यादीत त्यांचं किंवा आईबापाचं नाव शोधून जुळवणं, आणि रात्री ते सगळं ॲपवर चढवणं. वास्कोत फ्लॅट बंद, भाडेकरू बदललेले, मुलं लंडनला आणि घराला कुलूप, एकेका दारात चार चार वेळा गेले. लोक चिडतात, आणि चिडणार कुणावर, समोर मीच उभी.

शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम मी पाठ केलंय. जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं, एवढं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. म्हणजे निवडणुकीच्या कामाला नाही म्हणता येत नाही आणि मला म्हणायचंही नाही, यादी नीट असावी हे मलाही पटतं. पण सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवणं नसेल तेव्हा द्यावं. माझा वर्ग ते दिवस दुसऱ्या वर्गात जोडून बसवला होता, एका बाकावर तिघं. परत आले तेव्हा मुलांच्या वह्यांत नोव्हेंबरची पानं जवळजवळ कोरी होती.

डिचोली, निवृत्त मुख्याध्यापक

सगळ्यांचं वाचलं. जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. कागद म्हणजे सगळा फुकट असं म्हणू नये. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्या वेळची जनरल रजिस्टरं मी हाताळलीत. माझ्याकडे एकदा वयाची सत्तरी गाठलेले गृहस्थ आले, जन्माची नोंद कुठेच सापडेना, कोर्टाचं काम अडलेलं. पिवळं पडलेलं रजिस्टर काढलं, वाळवीने कडा खाल्लेल्या, पण नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, दाखल तारीख सगळं टाकाच्या शाईत स्वच्छ. पाच मिनिटांत दाखला दिला. त्या म्हाताऱ्याने त्या पानाला हात लावून नमस्कार केला. कुणा मास्तरने साठ वर्षांपूर्वी नीट लिहिलं म्हणून.

आमच्या वेळी हजेरीपट, जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेड स्टॉक आणि लॉगबुक, एवढं नीट ठेवलं की झालं. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचे, मुलांना उभं करून वाचायला लावायचे, पाढे विचारायचे, आणि लॉगबुकात मुलांबद्दल चार ओळी लिहायचे. मला त्यांची भीती वाटायची, पण ती वर्गाबद्दलची भीती होती. माझ्या शेवटच्या वर्षी आलेल्या साहेबांनी फळ्याचा, संडासाचा आणि माझ्या टाचणवहीचा फोटो घेतला, लोकेशनसकट, आणि निघाले. पोरं सकाळपासून कविता पाठ करून बसली होती.

केपे, प्राथमिक

सरांशी सहमत. माध्यान्ह आहार आधी आम्ही चाखून बघतो आणि वहीत सही करतो, हे पाहिजेच, मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे. आठवड्याच्या लोहाच्या गुलाबी गोळ्या, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टची जंताची गोळी, याचीही नोंद पाहिजे. पण बचतगटाकडून आज ३१ जणांची पावभाजी आली हा एकच आकडा मी वहीत लिहिते, मग मोबाईलवरून पाठवते, मग महिनाअखेर शीटमध्ये भरते, आणि मग कुणीतरी फोन करून विचारतो आज किती जेवली.

तिसवाडी, शाळांच्या केंद्राचं (आसपासच्या शाळांच्या गटाचं) काम बघणारी

मी दुसऱ्या बाजूची आहे, शाळांना ते अर्जंटचे मेसेज पाठवणारी. अकरा वाजता मला वरून येतं, तीनपर्यंत एकत्र करून द्या, त्यांनाही अजून वरून आलेलं असतं. आधी मी तसंच पुढे ढकलायचे. मग एकदा नीट बघितलं तर मागितलेलं बहुतेक सगळं यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर असतंच, २०२२-२३ पासून एकेका मुलाची नोंद तिथे आहे. आता मी आधी तिथून आणि जुन्या शीटमधून काढून भरते आणि खरंच जे नसेल तेवढंच शाळांना विचारते. मला दीड तास जास्त लागतो, पण दहा शाळांचे दहा तास वाचतात. हे कुणी मला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. माझ्यासारख्या आणखी कोणी असतील तर एवढं करा, करता येतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा लिहिलंय की शिक्षकांना शिकवण्याशी संबंध नसलेल्या कामात गुंतवू नये.

काणकोण, पालक

मी शिक्षक नाही, आई आहे. मुलाच्या वहीत दोन महिने लाल शाई दिसली नाही म्हणून भांडायला गेले होते. टीचर टेबलावर तीन रजिस्टर उघडून बसलेली, मला बघून उठली आणि म्हणाली वह्या घरी नेते रात्री, पण रात्री पोर्टल चालतं. मी काही न बोलता परत आले.

धारबांदोडा, कंत्राटी शिक्षक

मला एक कबूल करायचंय. सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी मी तयार पुस्तकातून उतरवतो. २८ मुलं, प्रत्येकाला विषयवार वाक्यं, 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य मी किती जणांपुढे लिहिलंय मलाच माहीत नाही. एक मुलगा कर्नाटकातून आलेला, वडील बांधकामावर, जूनपासून शब्द बोलला नव्हता. गणेश चवथीची सुट्टी संपून आला आणि माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाला, "सर, गणपती पाहिला." दोन शब्द, मराठीत. मी आनंदाने हेडसरांना सांगायला धावत गेलो. आणि त्याच दुपारी त्याच्या नोंदीत काय लिहिलं? उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो. कारण नोंदी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या आणि २७ बाकी होत्या. ते पान मी परवा उघडून बघितलं. खाली समासात पेन्सिलने खरं काय झालं ते लिहिलं, तारीख टाकली.

फोंडा, परत मी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. धारबांदोड्याच्या सरांनो, ती पेन्सिल पुसू नका.

सोमवारपासून मी एक वही घातलीय, शाळेच्या वेळात कागदाला किती मिनिटं गेली ती लिहायची. कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि शिकवण्याचे ८०० तास आहेत, त्यातले खरे किती उरतात ते बघायचंय. सोमवारी ५५ मिनिटं गेली, मंगळवारी २०, बुधवारी दोन शीट आल्या त्यात दीड तास. गुरुवारी नेट बंद होतं, दिवसभर शिकवलं, कोल्हा विहिरीतून बाहेर आला. तुम्हीही दोन आठवडे लिहा आणि इथे टाका, तालुका आणि मिनिटं, एवढंच.