इस्केमिया, रीपरफ्युजन आणि 'हृदयरक्षक' संयुगं : कोणते शब्द वापरावेत?

पिंपळपान : हृदयाला वाचवणाऱ्या वनस्पतिजन्य संयुगांवरचा लेख मराठीत आणतोय. 'इस्केमिया'साठी 'रक्ताल्पता' चालेल का? आणि 'रीपरफ्युजन इंज्युरी'ला काय लिहू?

साळुंकी : 'रक्ताल्पता' नको, वाचक अ‍ॅनिमिया समजेल. तिथे हिमोग्लोबिन कमी असतं. इथे रक्त ठणठणीत असतं, पण पोचत नाही. सरळ 'रक्तपुरवठा तुटणे' लिहा. दुसऱ्यासाठी 'पुनर्रक्तपुरवठ्याची इजा'. जोडाक्षर बोजड आहे, पण ही इजा वेगळी दाखवावीच लागते. रक्त अडलेलं असताना पेशीतल्या आम्लतेमुळे मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) पडद्यातली रंध्रं मिटलेली राहतात. रक्त परत आलं की आम्लता काही मिनिटांत उतरते, कॅल्शियम साचतं, क्रियाशील ऑक्सिजन रेणूंचा लोंढा येतो आणि नेमकी तेव्हा ती रंध्रं उघडून पेशी मरतात.

चकोर : म्हणूनच 'संरक्षण' कशापासून, हे प्रत्येक प्रयोगात बघा. उंदरांना किलोमागे 85 मिलिग्रॅम आयसोप्रोटेरेनॉल (हृदयाची धडधड वाढवणारं औषध) 24 तासांच्या अंतराने दोनदा टोचतात, त्यात धमनी बांधलेलीच नसते. तिथे 'आयसोप्रोटेरेनॉलजन्य इजा' एवढंच लिहा. धमनी 30 मिनिटं आवळून मग 120 मिनिटं मोकळी सोडली असेल, तर साळुंकींचा शब्द बरोबर.

मृत भाग मोजताना हृदयाचे साधारण 2 मिमी जाडीचे काप 1 टक्का टीटीसी या रंजकाच्या द्रावणात 37 अंश सेल्सिअसला ठेवतात. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिकट राहतो. रक्त पुरेसा वेळ परत वाहू दिलं नाही तर मेलेल्या पेशींतली, टीटीसीला लाल करणारी डिहायड्रोजनेज विकरं धुऊन जात नाहीत, तो भागही लाल दिसतो आणि इजा आहे त्याहून कमी भरते.

आणखी एक खोच. क्वेरसेटिन, करक्युमिन ही वनस्पतिजन्य संयुगं पाण्यात जेमतेम विरघळतात, म्हणून डीएमएसओ हा द्रावक वापरतात. तो स्वतःच हायड्रॉक्सिल मूलकं (त्या क्रियाशील ऑक्सिजन रेणूंपैकीच एक) टिपतो, म्हणजे गुण संयुगाचा की त्याचा हे कळत नाही! तुलनेच्या गटालाही तेवढाच डीएमएसओ दिला होता का, हे वाक्य भाषांतरात गाळू नका.

पिंपळपान : 'कार्डिओप्रोटेक्टिव्ह'ला 'हृद्य' कसा वाटतो?

साळुंकी : 'हृद्य सत्कार' आठवेल हो! शिवाय चरकसंहितेतला हृद्य गण आंबा, बोर, डाळिंब, महाळुंग अशा बहुतांशी आंबट फळांचा आहे. हृदयासाठी वापरतात तो अर्जुनसादडा त्यात नाहीच. 'हृदयरक्षक' बरा. मात्र सोबत 'पूर्वोपचार' (इजेआधी दिलेलं औषध) की 'पश्चातोपचार' (इजेनंतर दिलेलं) हे हवंच. झटका कधी येणार हे आधी ठाऊक नसतं. आठवडाभर आधी पाजलेल्या औषधाचा गुण बंद रक्तवाहिनी उघडतानाच्या उपचाराला लावता येत नाही.

चकोर : 'अर्क' आणि 'संयुग'ही अदलाबदलीने वापरू नका. अर्जुनाच्या सालीचा अल्कोहोलातला अर्क म्हणजे मिश्रण. अर्जुनोलिक आम्ल हे त्यातलं एक संयुग. साल पाण्यात उकळली असेल तर सरळ 'काढा' म्हणा.