प्रॉडक्शनचं शेवटचं बटण माणसानेच दाबावं का?

खटपट्या:
आमचे नवे मॅनेजर म्हणतात, टेस्ट हिरव्या (पास) झाल्या की पाइपलाइनने, म्हणजे कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या यंत्रणेने, बदल थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमवर न्यावा, मधली माणसाची मंजुरी काढून टाका. माझा साफ विरोध. मागच्या महिन्यात एकाने डेटाबेसचं एन्क्रिप्शन चालू करायला टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर, डेटाबेस वगैरे कोड लिहून उभारायचं साधन) एक ओळ बदलली. प्लॅन, म्हणजे काय काय बदलणार याची यादी, निघाला चारशे ओळींचा आणि त्यात डेटाबेससमोर '-/+' ही खूण. म्हणजे आहे तो पाडून नवा, रिकामा बांधणार! टेस्ट सगळ्या हिरव्यागार. मी पाहिलं म्हणून वाचलो.

रात्रपाळी:
तुम्ही पाहिलंत हो. आमच्याकडे रात्री साडेअकराला मोबाइलवरून 'अप्रूव्ह' दाबणारे तिघं आहेत, त्यातला एक मी. चारशे ओळी वाचतंय कोण?
हाताच्या कामाचंच बोलायचं तर नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी, १ ऑगस्ट २०१२. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता. सातांवर चढला, आठवा राहिला. त्यावरचा वर्षानुवर्षं पडून असलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर चुराडा. स्क्रिप्ट आठवा सर्व्हर विसरली नसती.

खटपट्या:
विसरत नाही, तशी थांबतही नाही. क्राउडस्ट्राइक ही सायबर सुरक्षा कंपनी, १९ जुलै २०२४. अपडेटची सदोष फाइल तपासणीच्या प्रोग्रॅममधूनच पास झाली. ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन आडवी.

रात्रपाळी:
ते सगळ्यांना एकदम वाढल्यामुळे झालं. आधी एक टक्का मशीनवर द्या, एरर वाढले की आपोआप मागे घ्या. आणि तुमच्या डेटाबेसला 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' (पाडायला मनाई करणारं टेराफॉर्मचं सेटिंग) का नव्हतं? प्लॅनच एरर देऊन थांबला असता.

पोर्टवाली:
मंजुरीवर भांडताय, पण कन्सोलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंग थेट बदलायच्या स्क्रीनवर, घुसून हाताने बदल करणाऱ्यांचं काय? आमच्याकडे एकाने रात्री अडचण आली म्हणून एक पोर्ट (नेटवर्कचं दार) उघडायचा नियम घातला, कोडमध्ये लिहायचं राहिलं. सकाळी पाइपलाइन चालली, तिने कोडमध्ये नसलेला तो नियम उडवला, पेमेंट ठप्प. शिव्या खाल्ल्या पाइपलाइनने. प्रॉडक्शनच्या कन्सोलला सगळ्यांना फक्त बघायची परवानगी द्या, मग बाकीचं बोलू.

खटपट्या:
'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' राहिलं होतं, कबूल. आजच लावतो. ॲपच्या कोडची मंजुरीही सोडेन एक वेळ. डेटाबेस आणि नेटवर्कची नाही.

रात्रपाळी:
चालेल. पण प्लॅनमधल्या पाडापाडीच्या ओळी तेवढ्या वर काढून दाखवा. चारशेच्या चारशे पाठवल्यात तर मी परत न वाचताच दाबणार.