तुमच्या यादीत मीही आहे का? (अनुभव धागा)

खडकीकर
कॉलेजात असताना चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात आम्हाला सांगितलं, पाच अख्रिस्ती मित्रांची नावं लिहा आणि रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी लिहिली, चिठ्ठी बायबलमध्ये ठेवली. परीक्षेच्या गडबडीत रूममेट पेन शोधत होता, चिठ्ठी नेमकी त्याच्या हाती लागली. दुसऱ्या क्रमांकावर तोच! चिडला नाही. एवढंच म्हणाला, "म्हणजे आपण रोज कटिंग मारतो ते यासाठी होय?" प्रार्थना मनापासूनची होती हो, पण उत्तर सुचेना. पुढे वर्षभर माझ्या डब्याकडे तो संशयाने बघायचा (आणि खायचाही).
मंडळीबाहेरच्या (म्हणजे आपल्या चर्चबाहेरच्या) माणसांशी तुमचं कसं जमलं, कुठे अडलं? उपदेश नको, घडलेलं लिहा.

पाळकाची पोर
माझं प्रसादापाशी अडलं. घरी नियम होता, मूर्तीपुढचं खायचं नाही. बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला याबद्दल जे लिहिलंय ते बाबांना तोंडपाठ. त्यामुळे शेजारच्या काकूंकडच्या सत्यनारायणाचा शिरा मी हातरुमालात बांधून आणायची आणि मागच्या अंगणात कोंबड्यांना घालायची. वाटायचं, कुणाला कळत नाही. एका वर्षी काकूंनी स्वयंपाकघरात बोलावलं आणि छोट्या पातेल्यातला शिरा वाढला. "हा वेगळा केलाय, देवापुढे ठेवलेला नाही. कोंबड्यांना देऊ नकोस." घरी येऊन सांगितलं तर बाबा बराच वेळ गप्प. त्या नाताळात आईने आयुष्यातला पहिला बिनअंड्याचा केक केला. दगड झाला होता. काकूंनी चहात बुडवून संपवला.

गोदाकाठ
आमच्या पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) एकदा उपासनेत म्हटलं, बाहेरच्यांशी संबंध वाढवा. मागून माझी आजी बोलली, "बाहेरचे कोण? माझा दीर?" आजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला होता, तरी आजोबांचे धाकटे भाऊ १९५६ नंतर बौद्ध झाले. वस्ती एक, आडनाव एक. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमची पोरं, २४ डिसेंबरच्या रात्री गाण्यांच्या फेरीत त्यांची ढोलकी. जयंतीची वर्गणी द्यावी की नाही यावर मंडळीत दोनदा मीटिंग झाली. वर्गणी तोवर दिलेली होती. आजी गेली तेव्हा कबर खणायला त्याच घरची चार पोरं आली, कुणी बोलवायच्या आधी.

निर्मळची लेक
वसईत हा प्रश्न कधी पडलाच नाही. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, शेजारी सामवेदी ब्राह्मण, बोली दोघांची कादोडी. भांडायचंही त्याच बोलीत. प्रश्न पडला लग्नानंतर, विसाव्या मजल्यावर. सहा वर्षांत समोरच्या दाराआड कोण राहतं ते माहीत नाही. तिथे धर्माचा काय दोष?

कोपऱ्यावरचा
मी हिंदू, लिहिलं तर चालेल ना? दर नाताळात शेजारून करंज्यांचं ताट यायचं, आणि करंज्यांखाली हटकून एक धर्मप्रचाराची पत्रिका. तिच्यावर तेलाचे डाग पडलेले असायचे, त्यामुळे तारणाचा, म्हणजे मुक्तीचा, अर्धा मजकूर वाचताच यायचा नाही. आई ताट कधी रिकामं परत करायची नाही, साखर घालायची. एका वर्षी तिने साखरेखाली हरिपाठाची पुस्तिका ठेवली. पुढच्या नाताळात नुसत्या करंज्या आल्या. त्या मावशी आणि आई नंतर सोळा वर्षं एकत्र भाजी आणायला जात. पत्रिकेचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. मला अजून वाटतं, काढायला हवा होता. मावशींना खरंच काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

जुना सातारकर
हा पेच आजचा नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येशूचे शिष्य म्हणून बसू शकत. दोनच वर्षांत टिळक गेले. आमच्या मंडळीत त्यांची भजनं दर रविवारी होतात, दरबाराचं नाव मात्र कुणी काढत नाही.

खडकीकर
रूममेटला हे सगळं वाचायला पाठवलं. आत्ताच उत्तर आलं: "पहिल्या क्रमांकावर कोण होतं?"