छापील चित्रांविषयी, औंधच्या निमित्ताने

चित्रे आता पडद्यावर हवी तेवढी मोठी करून पाहता येतात, तेव्हा छापील सचित्र पुस्तकाचा आग्रह केवळ सवयीपोटी आहे, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांची रामकथेवरील चित्रे १९१६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली संहिता, हाती घेतली तेव्हा भरघोस आर्थिक साहाय्याबरोबरच तिच्यासाठी त्यांनी चित्रेही काढली. ग्रंथांना देणग्या देणारे राजे पुष्कळ झाले, पण ग्रंथासाठी स्वतः कुंचला हाती घेणारा राजा विरळाच.

खिळे, म्हणजे धातूचे सुटे अक्षर-ठसे, जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकाचे पान उजेडात तिरपे धरले, तर अक्षरांचा दाब पुष्कळदा मागच्या बाजूलाही जाणवतो. रंगीत चित्र बहुधा वेगळ्या, गुळगुळीत कागदावर छापून मध्ये घातलेले असते आणि कधी त्यावर पातळ कागदाचे आवरणही असते. ते उचलताना वाचकाचा हात आपोआप सावकाश होतो. कोणते चित्र कोणत्या मजकुरासमोर यावे, याचा कुणीतरी केलेला विचार सुट्या चित्राबरोबर पडद्यावर येत नाही.

आमच्याच जिल्ह्यातील भिलार या ‘पुस्तकांच्या गावा’त २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. मुलांना तेथे अवश्य न्यावे. आणि घरातील जुनी सचित्र पुस्तके रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या वाचनालयात एकदा विचारावे, ही कळकळीची विनंती.