ओरेगन इनलेटचा मासे धरायचा फुकट धक्का: दोन डॉलर घेतले तर बिघडलं कुठे?

कॅरीकर (धागाकर्ता)
गेल्या शनिवारी पहाटे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून निघालो आणि चार तास गाडी हाणून आउटर बँक्सच्या बेटांवर पोचलो. ओरेगन इनलेट या समुद्राकडे उघडणाऱ्या अरुंद खाडीवरचा नवा बास्नाइट पूल ओलांडला की पी आयलंड बेटाच्या टोकाला जुन्या बॉनर पुलाचा साधारण हजार फुटांचा तुकडा तसाच ठेवलेला दिसतो. २०१९ मध्ये नवा पूल सुरू झाल्यावर बाकीचा जुना पूल पाडला. हा तुकडा मात्र मासे धरायला आणि हिंडायला लोकांसाठी राखला. तिकीट नाही की काही नाही.

जागा अप्रतिम, शंकाच नाही. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला पॅम्लिको साउंड, म्हणजे बेटांमागचं पाणी, आणि मधून पाणी असं सुसाट जातं की बघून पोटात गोळा येतो. पण दोन्ही कठड्यांना गळवाले. बाकीच्यांनी चालायचं कुठून? तुटलेल्या दोऱ्या, कोळंबीची टरफलं पायाखाली. कुणीतरी टाकून दिलेला गळ लेकाच्या बुटाच्या तळव्यात घुसला. पाय वाचला हे नशीब. वर एका गृहस्थांनी आम्हालाच सुनावलं, "मागे बघून चाला."

जवळच्या नॅग्स हेड गावातल्या जेनेट्स पियर या धक्क्यावर गळ टाकायला पैसे पडतात, नुसतं फिरायलाही थोडे पडतात. तिथे सगळं कसं शिस्तीत. इथेही दोन-चार डॉलर लावले तर काय बिघडेल? फुकटची किंमत कुणालाच नसते.

गरीवाला
असहमत. आणि एक गंमत सांगतो, तिथे फुकट येणारे आपण बघे आहोत, गळवाले नाहीत. नॉर्थ कॅरोलायनात सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला समुद्रात गळ टाकायला परवाना काढावा लागतो, पैसे भरून. म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर शुल्क लावायला निघालात, त्यांनी ते आधीच भरलंय.

"मागे बघून चाला" हे वाक्य तुम्हाला लागलं, पण त्यात चूक काय? दांडी मागे नेऊन फेकतात तेव्हा तीन-चार औंसांचं शिसं गोफणीसारखं फिरतं. आमच्या रत्नागिरीत भाट्याच्या पुलावर गरवायला जायचो, तेव्हा गरी मागे गेली की शेजारचा आपसूक वाकायचा. सांगावं लागत नसे.

आता कामाची गोष्ट. ओहोटी लागली की पाणी साउंडातून समुद्राकडे धावतं, तेव्हा बहुतेक जण समुद्राच्या कठड्याला उभे राहतात. भरतीला उलट. दुसरी बाजू बऱ्यापैकी मोकळी सापडते. वेळापत्रक बघून जा, पोरांनाही नीट दिसेल.

वाळूचा किल्ला
मला तर मूळ कल्पनाच पटत नाही. तो पूल १९६३ चा, तीस वर्षांच्या हिशेबाने बांधलेला. खांबांखालची वाळू वाहून जायची म्हणून शेवटी शेवटी तो बंदही ठेवावा लागला होता. ऑक्टोबर १९९० मध्ये तर वादळात गाळ काढणारं जहाज येऊन आदळलं आणि ३६९ फूट पूल पाण्यात गेला. अशा म्हाताऱ्याचा तुकडा राखायचा आणि देखभालीचा खर्च माझ्यासारख्या करदात्याने सोसायचा, कशासाठी? ही खाडीच एका जागी थांबत नाही. १८४६ च्या वादळाने तोंड फुटलं, तेव्हापासून दक्षिणेला सरकतेच आहे.

गरीवाला
@वाळूचा किल्ला, पूल जिथे हलायचा तो भाग गेला. उरलाय तो दक्षिणेचा, आणि त्या टोकाला जमीन वाहून जाऊ नये म्हणून नव्वदच्या सुमारास दगडांचा बांध घातलाय. पाडलेलं काँक्रीटही फुकट गेलं नाही. समुद्रात नेऊन माशांसाठी कृत्रिम खडक केले त्याचे.

शाकाहारी पण उत्सुक
मी मासे खात नाही, तरी धागाकर्त्यांच्या विरोधात मत देते. मागच्या वर्षी आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन गेले होते. तिकीट असतं तर बाबा गाडीतूनच उतरले नसते, "पाणीच बघायचं ना, इथून दिसतंय" म्हणाले असते. फुकट होतं म्हणून उतरले आणि दोन तास हलले नाहीत.

एका आजोबांच्या गळाला लाल ड्रम नावाचा मासा लागला. कठडा उंच, मासा जड, दोरीवर ओढला तर तुटणार. शेजारच्या अनोळखी मुलाने दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडली, तिघांनी मिळून मासा वर घेतला. तांबूस सोनेरी, शेपटीजवळ काळा ठिपका, डोळ्याएवढा. आजोबांनी पट्टी लावली, अठ्ठावीस इंच. कायदा म्हणतो अठरा ते सत्तावीसमधलाच ठेवायचा, तोही दिवसाला एकच. एका इंचासाठी त्यांनी तो जाळीत घालून परत सोडला. कुणी पहारेकरी नव्हता हो तिथे. बाबा आजही फोनवर विचारतात, "त्या माणसाला पुन्हा मासा मिळाला का?"

कॅरीकर (धागाकर्ता)
@शाकाहारी, किस्सा छान, पण सगळेच काही ते आजोबा नसतात. माझ्या लेकाच्या बुटातला गळ पण कुणाचा तरी होताच ना?

@गरीवाला, परवान्याचं माहीत नव्हतं, तो मुद्दा मान्य. पण मग बघ्यांना तरी दोन डॉलर लावा. मी द्यायला तयार आहे.

गरीवाला
तुम्ही द्याल हो. पण दोन डॉलर गोळा करायला तिथे खोपटं हवं, माणूस हवा, संध्याकाळी फाटक लावायला हवं. आणि ड्रम अंधार पडल्यावर चांगला लागतो. फाटक लागलं की संपलं.

गळ टाकून जाणाऱ्याला मात्र दंड करा, त्याला माझा हात वर. मी स्वतः एक रिकामा डबा नेतो, आजूबाजूच्या तुटक्या दोऱ्या त्यात भरतो. पुढच्या वेळी लेकाला घेऊन या. सोळाच्या आत असेल तर त्याला परवानाही लागत नाही, माझी जास्तीची दांडी देतो.

वाळूचा किल्ला
देखभालीचा प्रश्न अजून तसाच आहे, कुणी उत्तर दिलेलं नाही. पण ते राहू दे. हा लाल ड्रम चवीला कसा लागतो?

गरीवाला
आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. लहान असेल तर तिखलं करा, त्रिफळं घालून.