पोरं भाजी-भाकर खातच नाहीत, रक्त कमी निघालं, मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादाहो, बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहून राहिली. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा, अन् ज्यांच्या घरी असं झालं असेल त्यांनी नक्की सांगा.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान गावात राहतो, कोरडवाहू वावर, कापूस, सोयाबीन अन् मधात तूर. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा ७ वर्षांचा अन् मुलगी ४ ची. मागच्या महिन्यात शाळेत तपासणी झाली त्यात मुलाचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. डॉक्टर म्हणाले या वयात साडेअकराच्या खाली गेलं की रक्त कमीच धरतात. जंताची गोळी दिली, आयर्नचं औषध दिलं अन् विचारलं, चहा पिते का हा? मी म्हटलं पिते, सकाळ-संध्याकाळ, टोस्ट बुडवून. तर म्हणाले जेवणासोबत नाहीतर जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही, कारण तो चहा मीच देते. कापूस वेचणीच्या दिवसात मला पहाटे उठून स्वयंपाक, धुणं, पाणी करून वावरात जायचं असते, पोरं उठली की चहा-टोस्ट समोर ठेवला की दहा मिनिटात मोकळं, असं चालू होतं दोन वर्षांपासून.

मुलीच्या दंडाला अंगणवाडीत घेर मोजायची रंगीत पट्टी लावली, १२.८ सेंटीमीटर आली. म्हणजे हिरव्यात आहे पण साडेबाराच्या खाली गेलं की पिवळं, अन् तिचं वजन तीन महिने झाले हललं नाही.

दोघंही काय खातात तर भात, त्यावर पातळ वरण, आलूची भाजी, अन् दिवसभर किराणा दुकानातले पाच रुपयेवाले पुडे. मेथी, पालक, चवळी काही दिसलं की ताट सरकवून देतात. मी रागावले, यांचे बाबा ओरडले, मोबाईल लावून भरवलं, सगळं करून झालं. मोबाईल लावला की तोंड उघडते पण काय खाल्लं हे त्यांना माहीतच नसते, अन् मोबाईल बंद केला की पुन्हा तेच.

मग एका रात्री मुलाला मेथी अन् ज्वारीची भाकर वाढली, बाजूला त्याचे बाबा पोळी अन् आलू घेऊन बसले होते, तर पोट्टं म्हणे, "बाबा खात नाही त मी काऊन खाऊ?" कोणाजवळच उत्तर नव्हतं. मला वाटते आमचं खरं दुखणं हेच आहे. आई (सासूबाई) सांगतात त्यांच्या वेळी घरची ज्वारी असायची, रोज भाकर, चून (पिठलं) नाहीतर आळण (बेसन लावलेली पातळ भाजी), सोबत जवसाची चटणी. मग रानडुकरं अन् पाखरं पीक ठेवेनात म्हणून ज्वारी पेरणं सुटलं, रेशनचा गहू-तांदूळ आला अन् भाकर पाहुण्यांसाठी हौसेनं करायची गोष्ट झाली. मोठ्यांच्या ताटातून जे गेलं ते पोरांच्या ताटात कसं येईल?

म्हणून मी बाजारातून दहा किलो ज्वारी आणली अन् ठरवलं, रात्री सगळ्यांनी एकाच वेळी बसायचं, सगळ्यांना एकच भाजी. याच्या आधी घरात पहिले माणसं जेवायची, मग पोरं, मग मी अन् आई. सासऱ्यांना हे पटायला आठ दिवस लागले पण आता ते स्वतः हाका मारतात. मुलीला चुलीजवळ बसवून पिठाचा गोळा देते, ती स्वतःची चानकी (लहानशी भाकर) थापते, वाकडी-तिकडी होते, अन् जी तिनं थापली ती ती खाते, दुसरी नाही! सोयाबीन निघाल्यावर आम्ही हरभरा पेरला, त्याचा कोवळा पाला मुलगा अन् मी खुडून आणतो, जिथं फवारणी झाली नाही तेवढ्याच ओळींचा, अन् स्वच्छ धुऊन, कांदा, तिखट-मीठ, तेल टाकून घोळाना करतो. त्यानं पहिल्या दिवशी दोन घास खाल्ले, परवा वाटीभर. तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून ठेवल्या की संध्याकाळचा पुडा मागायला विसरतात, पण शेंगा काही बारा महिने राहत नाहीत. वरणावर लिंबू पिळते, कारण डॉक्टर म्हणाले आंबट फळानं लोह चांगलं लागते, अन् संत्री सध्या स्वस्त आहेत म्हणून रोज अर्धं-अर्धं देते.

आता अडचण सांगते. मी वावरात गेली की दिवसभर पोरं आईजवळ असतात. त्यांचा जीव आहे पोरांवर, नातू रडला की त्या कमरेचे पाच रुपये काढून देतात. मी एकदा बोलली तर त्या दिवसभर जेवल्या नाहीत, म्हणे मी का त्याचं वाईट करीन? मला फार लागलं ते. आयर्नच्या औषधानं पोराची शी काळी झाली तर त्या घाबरल्या अन् दोन दिवस औषधच बंद ठेवलं. चूक त्यांची नाही, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की काळी होते, घाबरायचं नाही, मीच घरी सांगितलं नव्हतं. अंड्याचं म्हणाल तर आई माळकरी आहेत, घरात अंडं येत नाही अन् मला त्यांचं मन मोडायचं नाही.

तर मला हे विचारायचं आहे की सकाळी चहा-टोस्टच्या जागी काय देता येईल जे रात्रीच करून ठेवलं तर सकाळी आई नुसतं वाढून देतील, कारण माझ्याजवळ तेव्हा पंधरा मिनिटंही नसतात, फुटाणे-गूळ देऊन पाहिलं पण मुलगी लहान आहे, ठसका लागते म्हणून भीती वाटते. कोणी भाजलेल्या डाळीचं अन् ज्वारीचं पीठ करून ठेवता का, असेल तर प्रमाण सांगा. अन् ज्यांच्या घरी आजी अशाच मायाळू आहेत त्यांनी पुड्याची गोष्ट कशी काढली? मला आईला या कामात सोबत घ्यायचं आहे, त्यांच्यावर नजर ठेवायची नाही. त्यांना आळण, पातोड्या, कढीगोळे असे बेसन-डाळीचे पदार्थ माझ्यापेक्षा चांगले येतात, कदाचित तिथूनच काही सुरुवात होईल का?

दुसरी वेचणी सोमवारपासून आहे, त्याच्या आधी कोणी सांगितलं तर फार उपकार होतील.